शेक कशासाठी?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



विषय कळवला त्याच संध्याकाळी व्याख्यानमालेच्या चिटणिसांचा फोन आला. "डॉक्टर, भाजण्याबद्दल बोलणार ना? आगीपासून कशी काळजी घ्यावी वगैरे?" मी म्हटलं, "नाही. ज्यात फोड येत नाही, कुणी ओरडत नाही, आपण भाजतोय हे ज्याचं त्याला कळतही नाही, त्याबद्दल बोलणार आहे." पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "मग पत्रिकेवर काय छापू?" तेव्हा मला डॉक्टरसाहेबांचा एक प्रश्न आठवला, आणि तोच छापा म्हणालो.

ज्यांच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात मी दोन वर्षं उमेदवारी केली. तो प्रश्न त्यांनी कधी आणि कुणाला विचारला, ते पुढे येईलच. सुरुवात मात्र माझ्या आईच्या नडगीपासून करतो.

आमची चूल जमिनीवर होती. आई पाटावर बसायची, डावा पाय दुमडलेला, उजवा गुडघा उभा. नऊवारी पोटरीपर्यंत वर गेलेली. पुढ्यात काथवट, हाताशी पिठाचा डबा. तव्यावरून उतरवलेली भाकरी ती चुलीच्या तोंडाशी आराला उभी करायची आणि फुगली की बोटांनीच काढायची. खाणारी तोंडं बारा. त्या उजव्या नडगीवर एक तपकिरी जाळी होती. अगदी मासे धरायच्या जाळ्यासारखी: भोवती काळपट दोरे आणि मधल्या घरांत नितळ कातडी. आजीच्या पायावर तशीच, काकूच्या पायावर तशीच, शेजारच्या वहिनींच्या पायावर नुकती उमटू लागलेली. मला वाटायचं, बायका मोठ्या झाल्या की त्यांचे पाय असेच होत असणार.

पुढे वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचं एक जाडजूड विलायती पुस्तक चाळत होतो, आणि एका पानावर मला आईचा पाय दिसला. छायाचित्राखाली लिहिलं होतं की ही कोळशाच्या विस्तवापुढे बसणारी वृद्ध इंग्रज स्त्री आहे. रोगाचं नाव लॅटिन: एरिथेमा अब इग्ने. विस्तवामुळे आलेली लाली. त्यातला 'इग्निस' आणि आपला 'अग्नी' एकाच मुळातून आलेले आहेत, म्हणजे शब्दही भाऊबंद आणि डागही भाऊबंद.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा ऐटीत म्हणालो, "आई, हा रोग आहे. चुलीपासून लांब बसत जा." तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "बसते की. आर लांबून लागतो का भाकरीला, तेवढं पुस्तकात बघून सांग."

त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

ऊब, धग, झळ, चटका

विस्तवाशी फार जुना संसार असल्यामुळे मराठीत उष्णतेच्या पायऱ्यांना वेगवेगळी नावं आहेत. ऊब हवीशी असते. धग सोसवते. झळ लागली की माणूस मागे सरकतो. चटका बसला की विचार करायच्या आधीच हात मागे येतो. वैद्यकशास्त्राने चटक्याचा अभ्यास भरपूर केला. आजचा विषय मात्र त्याच्या खालच्या, धगीच्या पायरीवरचा आहे, जिथून माणूस उठत नाही, कारण उठावंसं वाटतच नाही.

ही पायरी किती अंशांची? साधारण ४३ ते ४७ अंश सेल्सिअस. आपलं शरीर आतून ३७ अंशांवर असतं, म्हणजे फरक सहा ते दहा अंशांचाच. एवढ्याने काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे दुसरा हिशेब येतो, तो वेळेचा. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी डुकरांच्या आणि काही स्वयंसेवकांच्या कातडीवर प्रयोग करून एक मोजदाद मांडली. कातडीचं तापमान ४४ अंशांवर धरून ठेवलं तर ती कायमची भाजायला सुमारे सहा तास लागतात. तिथून ५१ अंशांपर्यंत एकेक अंश वाढवत गेलं की हा वेळ दर अंशाला जवळजवळ निम्मा होतो. ६० अंशांना काही सेकंदच पुरतात, आणि ७० अंशांच्या पुढे एक सेकंदही लागत नाही. भाजणं ठरतं ते तापमान आणि वेळ या दोघांनी मिळून. आपण तापमानाला भितो आणि वेळेला विसरतो.

विसरण्याचं कारण कातडीतच आहे. मिरची तिखट लागते ती ज्या प्रथिनामुळे, तेच प्रथिन कातडीला 'गरम लागतंय, दुखतंय' असं सांगतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली ते शोधून काढलं आणि २०२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह विभागून मिळालं. हा पहारेकरी जागा होतो साधारण ४३ अंशांच्या आसपास. त्याच्या खाली ऊब कळवणारे मज्जातंतू असतात, पण त्यांना सवय फार लवकर लागते. थंडीत अंगावर घेतलेली गोधडी पाच मिनिटांनी गरम लागेनाशी होते आणि आपण ती आणखी ओढून घेतो. शेकाचंही तसंच. गरम पाण्याची पिशवी गार झाली असं वाटतं, म्हणून आपण तिच्यावरचा टॉवेल काढून टाकतो. पिशवी फारशी गार झालेली नसते. कातडीने सांगायचं थांबवलेलं असतं.

हे एकदा झालं तर काही बिघडत नाही. लाली येते, तासाभरात जाते. पण तोच शेक, त्याच जागी, रोज, महिनोन्‌महिने घेतला की कातडी त्याची नोंद ठेवू लागते. वरच्या थरातल्या बारीक नीला सतत रुंदावलेल्या राहतात, त्यांतून थोड्या तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांतलं लोह तिथेच साचतं. वरच्या थरातलं रंगद्रव्यही खाली गळतं. कातडीचा ताण सांभाळणारे लवचीक तंतू बदलतात, आणि हा बदल सूक्ष्मदर्शकाखाली बराचसा उन्हाने रापलेल्या म्हाताऱ्या कातडीसारखा दिसतो. डाग जाळीदार का, याचंही उत्तर यातच आहे. वरच्या नीलांची मांडणी मुळात जाळीसारखी असते. विस्तव नवं काही रेखाटत नाही, आत असलेला नकाशा तेवढा वर उमटतो.

आधी ही जाळी गुलाबी असते, बोटाने दाबली की फिकी पडते. या टप्प्यावर शेक थांबला तर ती काही महिन्यांत जाते. पुढे तपकिरी होते, तेव्हा दाबून जात नाही आणि शेक थांबवूनही वर्षानुवर्षं राहू शकते. ती खाजत नाही, दुखत नाही. म्हणून ती दाखवायला कुणी दवाखान्यात येत नाही.

कांगडीची शिकवण

या डागाला गंभीरपणे घ्यायला जगाला शिकवलं ते काश्मीरने. तिथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलाँ' असतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ. मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. या सत्तर दिवसांचा सोबती म्हणजे कांगडी. आत मातीचं भांडं, बाहेर लवचीक डहाळ्यांच्या विणीची टोपली, वर धरायला कड्या आणि निखारे सारायला दोरीला बांधलेला छोटा कलथा. शरद ऋतूत चिनारची पानं गोळा करून जाळतात आणि पाणी शिंपडून त्यांचा कोळसा करून ठेवतात. हा कोळसा तासन्‌तास धुमसतो. फिरन नावाच्या पायघोळ झग्याच्या आत, पोट आणि मांड्या यांच्यामध्ये ही टोपली धरून माणूस गप्पा मारतो, दुकान चालवतो, नक्षीकाम करतो.

कांगडीकडे निव्वळ धोका म्हणून बघणं अन्यायाचं होईल. चरार-ए-शरीफची कांगडी कारागिरीसाठी नावाजलेली आहे. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीला माहेराहून सजवलेली कांगडी जाते. आपण ज्या मकरसंक्रांतीला तीळगूळ वाटतो, त्याच दिवशी काश्मिरी पंडितांच्या घरी पितरांच्या नावाने पेटती कांगडी दान देण्याची चाल आहे. मेलेल्या माणसालाही थंडी वाजत असेल, ही कल्पना करणाऱ्या समाजाला ऊब म्हणजे काय हे आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण त्याच कांगडीने पोटाच्या खालच्या भागावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला ही जाळी उमटते. दहा-वीस-तीस हिवाळे गेले की काही जणांच्या त्या जाळीत खडबडीत गाठ येते, तिचा व्रण होतो आणि तो भरत नाही. हा त्वचेचा कर्करोग. विल्यम एल्म्सली हे स्कॉटिश मिशनरी डॉक्टर १८६५ साली श्रीनगरला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये काश्मिरी लोकांतल्या या गाठींबद्दल लिहिलं. पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयात आर्थर आणि अर्नेस्ट नीव्ह या बंधूंनी असे शेकडो रुग्ण तपासले, शस्त्रक्रिया केल्या. अर्नेस्ट नीव्ह यांनी १९१० आणि १९२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यावर लिहिलं, आणि 'कांगडी कॅन्सर' हे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं.

हा कर्करोग महत्त्वाचा का? एक तर त्याची जागा. उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग चेहरा, मान, हात अशा उघड्या अंगावर येतो. हा सदैव झाकलेल्या अंगावर आला, तेव्हा सूर्याकडे बोट दाखवायची सोय उरली नाही. दुसरं म्हणजे उन्हाने होणाऱ्या साध्या गाठींपेक्षा तो आडदांड निघाला. तो जांघेतल्या गाठींपर्यंत लवकर पसरतो. कोळशाच्या धुरातली आणि काजळीतली द्रव्यंही त्याला हातभार लावत असतील, हा वाद जुना आहे आणि त्यात तथ्य असू शकतं. काजळी कर्करोग करते हे पर्सिव्हल पॉट यांनी लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या पोरांवरून १७७५ सालीच दाखवलं होतं.

पण जगात इतरत्र पाहिलं की धूर वेगळा, इंधन वेगळं, आणि डाग तोच असं दिसतं. जपानमध्ये कमरेला बांधायची 'काइरो' नावाची छोटी डबी होती, तिच्यामुळे पोटावर कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत. उत्तर चीनमध्ये विटांचा तापवलेला झोपायचा ओटा असतो, त्याला 'कांग' म्हणतात. तिथे तो नितंबावर आला. आयर्लंडमध्ये दलदलीतला वाळवलेला थर जाळून त्याच्यापुढे बसणाऱ्या बायकांच्या नडग्यांवर आला. प्रत्येक देशात अंगाची वेगळी बाजू विस्तवाकडे होती, आणि रोगाने तीच बाजू धरली.

इथे घाबरवण्याचा माझा हेतू नाही. जाळी उमटलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांना तो अनेक वर्षांच्या सवयीनंतर होतो. लक्षात ठेवायचं इतकंच की जाळीच्या जागी न भरणारा व्रण, जाड खरबरीत चट्टा किंवा वाढणारी गाठ आली, तर मलम चोळत न बसता तिचा तुकडा तपासायला द्यावा.

विलायतेत ही जाळी आता दुर्मीळ आहे. तिथल्या डॉक्टरांनी बायकांना कोळशापुढे बसू नका असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं असेल. फरक पडला तो घराघरांत मध्यवर्ती उष्णतेचे नळ फिरले तेव्हा. गवंडी आणि नळजोडणीवाल्यांनी जे केलं ते आम्हाला जमलं नव्हतं.

मांडीवरची चूल

रोग संपला असं पुस्तकं म्हणू लागली, आणि तो दुसऱ्या दाराने आत आला. २०१० साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात एका बारा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. तो काही महिने रोज तासन्‌तास लॅपटॉप मांडीवर घेऊन खेळत असे. डावी बाजू जास्त तापते हे त्याला कळत होतं, पण खेळ थांबवावा इतकी ती तापत नव्हती. जाळी उमटली ती डाव्या मांडीवर. माझ्या आईची उजवी नडगी आणि या मुलाची डावी मांडी यांच्यात मला काही फरक दिसत नाही. यंत्राचा जो भाग तापतो, त्याच्या समोरचा अंगाचा भाग रंगतो.

टाळेबंदीच्या काळात घरून काम सुरू झालं तेव्हा पुण्यातल्या माझ्या दवाखान्यातही अशा मांड्या आल्या. गादीवर लोडाला टेकून, मांडीवर लॅपटॉप, त्याखाली उशी. म्हणजे यंत्राची वाऱ्याची वाटही बंद. परदेशातली आपली मुलं व्हिडिओवर पाय दाखवतात, कारण टेबलाखाली छोटा हीटर आणि तो दिवसभर नडग्यांवर. मोटारीच्या तापणाऱ्या आसनाने मांड्यांच्या मागे जाळी आल्याचेही रुग्ण नोंदले गेले आहेत. आजी पाटावर आणि नातू फिरत्या खुर्चीवर, पण नडगी त्याच अंतरावर.

तो प्रश्न

आता डॉक्टरसाहेबांकडे येतो. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी चाळिशीतला एक माणूस आला, वाहकाची नोकरी करणारा. पोटाच्या वरच्या भागावर ठळक जाळी, पाठीवरही. मी चटकन रोग ओळखला. "गरम पाण्याची पिशवी घेता ना? बंद करा. डाग जातील." तो "बरं" म्हणून निघाला. डॉक्टरसाहेब शेजारच्या टेबलावर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता त्यांनी त्याला विचारलं, "शेक कशासाठी?"

तो थांबला. म्हणाला, "दुखतं, साहेब. जेवलं की दुखतं आणि पाठीत जातं. पुढे वाकून पिशवी पोटाशी धरली की झोप लागते." किती दिवस? दोन वर्षं. कुणाला सांगितलं? पित्ताच्या गोळ्या घेत होता. पोटाचा एक्स-रे काढला तर स्वादुपिंडाच्या जागी खडे दिसत होते. स्वादुपिंडाचा जुना दाह. साखरही वाढलेली निघाली.

संध्याकाळी दवाखाना बंद करताना डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "तू नाव सांगितलंस ते त्याच्या शेकाचं. त्याच्या दुखण्याचं नाव राहिलं होतं." मग जरा वेळाने, "आणि तू त्याला जे बंद करायला सांगत होतास, तेवढंच एक औषध त्याला लागू पडत होतं."

श्रोतेहो, माझ्या व्याख्यानाचा सगळा ऐवज या बोलण्यात आहे. कुणी हौस म्हणून महिनोन्‌महिने एकाच जागी शेकत नाही. जाळीच्या मागे थंडी असते, दुखणं असतं किंवा कष्ट असतात. पोटावरची जाळी ही कधी जुन्या स्वादुपिंडदाहाची, कधी पोटातल्या लपलेल्या गाठीची पहिली खूण ठरते. कमरेवरच्या जाळीमागे मणक्याचं दुखणं असतं.

कॉलेजातल्या मुली येतात, बेंबीखाली जाळी. आईच सांगते, "पाळीत पोट शेकते जरा." मी विचारतो, जरा म्हणजे? मग कळतं की दर महिन्याला चार-चार दिवस, रात्रभर, कॉलेज बुडवून. घरात सगळ्यांनी धरून चाललेलं असतं की पाळीत दुखायचंच. एन्डोमेट्रिऑसिससारखा आजार असा वर्षानुवर्षं पिशवीखाली झाकलेला राहतो. त्या मुलीने डाग घालवायचं मलम मागितलेलं असतं. तिला खरी गरज असते स्त्रीरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीची.

आणि कष्टाची जाळी? कोल्हापूर-सांगलीकडच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड सारणारा माणूस, पावाच्या भट्टीपुढचा कामगार, लोहार, काच फुंकणारा, उपाहारगृहात कढईपुढे दहा-दहा तास उभा राहणारा आचारी. त्यांच्या हातांवर, नडग्यांवर मी हा डाग पाहिला आहे. त्यांना "लांब राहा" म्हणणं म्हणजे नोकरी सोडा म्हणणं. त्यांच्यासाठी उपाय मालकाच्या हातात असतो. भट्टीला आडोसा हवा, आत हवा खेळती हवी आणि पाळ्या आलटून-पालटून हव्यात. चुलीच्या धुराबद्दल आपल्याकडे बरंच बोललं गेलं, आणि ते योग्यच झालं. धगीबद्दल मात्र कुणी बोललं नाही, कारण धगीने खोकला येत नाही.

बाजेखालची शेगडी

आपल्या घरातल्या सर्वांत जुन्या शेकाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बाळंतशेक. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी. त्यामागचा हेतू मायेचा होता. बाळंतिणीला वारा लागू नये, अंग भरून यावं, बाळाला ऊब मिळावी. गार, ओलसर, अंधाऱ्या बाळंतखोलीत तो शेक बऱ्याच बायकांना बराही वाटला असेल. पण बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. ते कूस बदलत नाही, 'पुरे' म्हणत नाही. त्याच्यासाठी शेगडीची धग मोजायला फक्त दुसऱ्याचा हात असतो, आणि तो हात निखारे हाताळून निबर झालेला असतो. शिवाय बंद खोलीत धुमसणारा कोळसा विषारी वायू सोडतो, ते वेगळंच.

बाळाला ऊब हवी यात शंका नाही. पण त्यासाठी विस्तव लागत नाही. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं उघड्या अंगाने आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारू मातृसेवा म्हणून ती आता आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही चालते. आईची छाती ही ३७ अंशांच्या आसपास राहणारी शेगडी आहे. ती विझत नाही आणि पोळतही नाही. आपल्या आज्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी शेगडी बाजूला सारली असती, असा माझा विश्वास आहे; कारण त्यांना हवी होती ती ऊबच.

दुसरा सावध राहायचा गट म्हणजे ज्यांच्या कातडीचा पहारेकरी झोपला आहे ते. मधुमेहात पावलांची जाणीव हळूहळू जाते. अशा पावलांना गार वाटतं म्हणून रात्री पिशवी ठेवली जाते आणि सकाळी फोड दिसतो. कुष्ठरोगातही तेच. वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांची बोटं झडतात ती मुख्यतः वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या जखमांनी. म्हणून तर या रुग्णांना गरम पेल्यांसाठी लाकडी मुठी आणि कापडी पकडी दिल्या जातात. ज्याला दुखत नाही तो सुखी, असं आपण म्हणतो खरं. कातडीच्या बाबतीत ते खोटं आहे.

घरी न्यायचं काही

व्याख्यानाला आलेल्यांनी रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून थोडं व्यवहाराचं सांगतो. शेक वाईट नाही. आखडलेल्या स्नायूला, दुखऱ्या सांध्याला तो आराम देतो. पण उकळतं पाणी पिशवीत भरू नका. पिशवी किंवा विजेचा पट्टा जाडसर कापडात गुंडाळा. पंधरा-वीस मिनिटं झाली की काढा, आणि ती उघड्या अंगाखाली घेऊन झोपू नका. मधुमेह असेल तर पाणी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्या आणि तळपायांना शेक देऊच नका. गरम मोजे घाला. लॅपटॉप टेबलावर ठेवा, त्याच्या नावात मांडी असली तरी. आणि एकाच जागी रोज, महिन्याहून जास्त दिवस शेकावं लागत असेल, तर डाग उमटायची वाट न बघता त्या दुखण्याचं नाव काढून घ्या.

घरच्या माणसांसाठी एकच सांगणं. कुणाच्या अंगावर ही जाळी दिसली तर "किती वेळा सांगितलं शेकू नकोस" असं म्हणू नका. डॉक्टरसाहेबांचे ते दोन शब्द विचारा, आणि विचारून झालं की थोडा वेळ गप्प बसा. काश्मिरातल्या माणसाला कांगडी सोड म्हणण्याआधी त्याच्या खोलीत हिवाळ्यात वीज किती तास असते हे विचारावं लागतं. इथेही वेगळं काही नाही.

शेवटी पुन्हा आई. ऐंशीच्या दशकात थोरल्या भावाने घर वाढवलं, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा घातला, गॅस आणला. माझ्या औषधाने जे झालं नसतं ते त्या ओट्याने केलं. विस्तव नडगीवरून उचलला गेला आणि कमरेच्या वर जाऊन बसला. दोन-तीन वर्षांत जाळी फिकी झाली. पुरती गेली नाही, पण ओळखीच्या माणसालाच दिसेल इतकी राहिली. मी समाधानाने तिचा पाय बघत होतो.

ती म्हणाली, "ते सगळं खरं. पण जन्मभर बसून स्वयंपाक केला, आता उभं राहून गुडघे धरतात."

"मग काय करतेस?"

"करायचं काय? रात्री शेकते जरा."

यावेळी मी तिला लांब बस म्हणालो नाही. खाली बसलो आणि तिचा गुडघा तपासायला हातात घेतला.